ड्रमच्या आडचा आवाज

पीटर गॅब्रिएल यांनी १९७५ मध्ये ‘जेनेसिस’ हा इंग्लिश रॉक बँड सोडला, तेव्हा बँड आता संपला असेच अनेकांनी गृहीत धरले. मुखवटे, वेशभूषा आणि गाण्यांमधल्या कथनामुळे रंगमंचावरचे सारे लक्ष गॅब्रिएल यांच्याकडेच असे. उरलेल्या चौघांनी अनेक गायकांच्या चाचण्या घेतल्या. उमेदवारांना गाणी शिकवत होते ड्रमवादक फिल कॉलिन्स. आणि शिकवणाऱ्याचाच गळा शिकणाऱ्यांपेक्षा सरस ठरत होता.

हा आवाज नवा मुळीच नव्हता. साथीचे सूर ते आरंभापासून देत होते. ‘नर्सरी क्राइम’ (१९७१) आणि ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’ (१९७३) या अल्बममधील एकेक गाणे तर मुख्य आवाजात त्यांनीच गायले होते. पण ड्रमच्या आड बसलेल्याला गायक मानण्याची सवय कोणालाच नव्हती. खुद्द कॉलिन्स यांनाही वादन सोडून पुढे येण्याची हौस नव्हती.

अखेर त्यांच्याच आवाजातला ‘अ ट्रिक ऑफ द टेल’ १९७६ मध्ये आला आणि ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचला. ध्वनिमुद्रणात वादन व गायन वेगवेगळ्या वेळी करता येते. मैफलीत हातपाय ड्रममध्ये गुंतलेले असताना श्रोत्यांना सामोरे जायचे कसे? त्यासाठी दौऱ्यावर ‘येस’ व ‘किंग क्रिम्सन’चे माजी ड्रमवादक बिल ब्रुफर्ड आले, १९७७ पासून चेस्टर थॉम्प्सन. कॉलिन्स पुढे उभे राहून गात. मात्र वाद्यांचा लांब भाग आला की मागे जाऊन दुसऱ्या ड्रमसेटवर बसत.