निर्गम आणि आवाज : आल्बर्ट हिर्शमन यांची जीवनकथा

(सिनगॉगच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाच्या ध्वनिमुद्रणावरून)



घर सोडून जावे की घरातच राहून भांडावे, हा प्रश्न आपल्या प्रत्येक कुटुंबापुढे केव्हा ना केव्हा उभा राहिलेला आहे. कोणाच्या आजोबांपुढे तो अलिबागेत उभा राहिला, कोणाच्या वडिलांपुढे मुंबईत, तर कोणापुढे येथे, बेर-शेवात. याच प्रश्नाचा आयुष्यभर विचार करणारा एक यहुदी अर्थशास्त्रज्ञ होऊन गेला. त्याची हकिकत आज सांगावयाची आहे.

ओट्टो आल्बर्ट हिर्शमन याचा जन्म ७ एप्रिल १९१५ रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील शस्त्रवैद्य होते. घराणे यहुदी, पण जर्मन समाजात इतके मिसळून गेलेले की मुलांचा बाप्तिस्माही झाला होता. पुढे नाझींनी मात्र आजीआजोबांचे रक्त तपासले, बाप्तिस्म्याचा दाखला पाहिला नाही! शाळेत असतानाच हा मुलगा समाजवादी युवक चळवळीत शिरला. मोठी बहीण उर्सुला त्याच्या बरोबरीने होती. त्याच्या बालपणीची एक गोष्ट सांगतात. एकदा वडिलांना त्याने काही गहन प्रश्न विचारला आणि वडिलांना उत्तर देता आले नाही. तेव्हा तो घरभर धावत बहिणीकडे गेला आणि आपल्या वडिलांना जीवनाविषयी ठाम तत्त्वज्ञानच नाही, असे त्याने तिला सांगितले. मुलाला तो मोठा दोष वाटला होता. पुढे हाच मुलगा ठाम तत्त्वज्ञानांकडे आयुष्यभर संशयाने पाहत राहिला.

१९३३ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस वडील कर्करोगाने वारले. हिटलर सत्तेवर आला होता, यहुद्यांच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला होता. वयाची अठरा वर्षे पुरी होण्याच्या सुमारास त्याने पॅरिस गाठले. हा त्याचा पहिला निर्गम. निर्गम हा शब्द मी जाणून वापरतो. तोराच्या दुसऱ्या पुस्तकाला, शमोथला, मराठीत हेच नाव आहे.

पॅरिसमध्ये व्यापारशास्त्र आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकून होते न होते तोच १९३६ मध्ये स्पेनचे यादवी युद्ध पेटले. हिर्शमन प्रजासत्ताकाच्या बाजूने लढण्यास गेले. त्या काही महिन्यांविषयी ते पुढे घरच्यांशीदेखील क्वचितच बोलले. तेथून ते इटलीतील त्रिएस्ते येथे गेले. उर्सुलाने युजेनियो कोलोर्नी या यहुदी तत्त्वज्ञाशी विवाह केला होता. मेहुणा गुप्तपणे मुसोलिनीच्या विरोधात काम करी आणि हिर्शमन दुहेरी तळाच्या पेटीतून कागदपत्रे ने-आण करीत. कोलोर्नींच्या मंडळींचे म्हणणे असे की, संशयाने माणसाचे हातपाय गळतात ही समजूत चुकीची आहे. ज्याच्या मनात शंका आहे तोही कृती करू शकतो, किंबहुना अधिक शहाणपणाने करतो. १९३८ मध्ये हिर्शमन यांनी त्रिएस्ते येथे डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी इटलीत यहुद्यांविरुद्ध वंशविषयक कायदे आले. पुन्हा गाठोडे, पुन्हा पॅरिस.

१९४० मध्ये फ्रान्स पडले. फ्रेंच सैन्यात स्वयंसेवक असलेल्या हिर्शमन यांना सेनाधिकाऱ्याने खोटे कागद करून दिले. त्यांनुसार ते फिलाडेल्फियात जन्मलेले आल्बेर एर्मां झाले. मार्सेय बंदरात व्हेरियन फ्राय हा तरुण अमेरिकन निर्वासितांना बाहेर काढण्यासाठी आला होता. तहाच्या १९ व्या कलमान्वये जर्मनी ज्यांची मागणी करील त्या जर्मन माणसांना हवाली करणे फ्रेंच सरकारवर बंधनकारक होते, म्हणून कामाला घाई होती. बनावट पासपोर्ट, काळ्या बाजारातील चलन, पिरेनीज पर्वतातून जाणाऱ्या वाटा, हा सारा व्यवहार हिर्शमन पाहत. त्यांच्या हसऱ्या चेहऱ्यावरून फ्राय यांनी त्यांना ‘बीमिश’ म्हणावयास आरंभ केला. चित्रकार मार्क शागाल, विचारवंत हाना आरेन्ट आणि अशी दोन हजारांहून अधिक माणसे या कामामुळे वाचली. पोलीस आपल्या मागावर आहेत असे कळताच डिसेंबरमध्ये हिर्शमन त्याच डोंगरवाटेने स्वतः निघून गेले आणि १९४१ च्या जानेवारीत अमेरिकेस पोहोचले.

कोलोर्नी मात्र मागे राहिले. १९४४ च्या मे महिन्यात, रोम मुक्त होण्यास अवघे काही दिवस उरले असताना, फॅसिस्टांनी त्यांना रोममध्ये गोळ्या घातल्या.

अमेरिकेतील पुढील वर्षांचा वृत्तान्त मी थोडक्यात देतो. पहिल्या ग्रंथात त्यांनी दाखवले की, नाझी जर्मनीने शेजारच्या लहान राष्ट्रांना व्यापाराच्या दोरीने कसे बांधून टाकले होते. युद्धानंतर युरोपच्या पुनर्बांधणीच्या कामात ते होते. पण जुन्या डाव्या संबंधांमुळे त्यांच्याविषयी सरकारी फायलीत संशय नोंदला गेला आणि १९५२ मध्ये ते कोलंबियास गेले. तेथील अनुभवातून त्यांचा विकासाचा सिद्धान्त निघाला.

आता १९७० च्या ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या ग्रंथाकडे येऊ. त्याचे बीज नायजेरियाच्या रेल्वेत आहे. उत्तरेकडील भुईमूग शेकडो मैल दूर बंदरावर न्यावयाचा, रेल्वेचा कारभार ढिसाळ, म्हणून व्यापारी मालमोटारींकडे वळले. स्पर्धेमुळे रेल्वे सुधारेल अशी शास्त्राची अपेक्षा होती. ती काही सुधारली नाही. तूट सरकारी तिजोरी भरून काढी. आणि ज्यांनी सर्वांत मोठ्याने तक्रार केली असती, तेच गिऱ्हाईक निघून गेले होते. हिर्शमन म्हणतात, बिघडत चाललेल्या संस्थेपुढे माणसाला दोन मार्ग असतात : निघून जाणे किंवा आवाज उठवणे. निष्ठा असली की माणूस जाण्यापूर्वी थांबतो आणि आवाजाला अवसर मिळतो.

आपल्या लोकांनी हे दोन्ही मार्ग चोखाळले आहेत. १९५१ मध्ये काही बेने इस्राएल कुटुंबांनी येथे धरणे धरून भारतात परत पाठवण्याची मागणी केली आणि त्यांतील कितीतरी जण खरोखरच परत गेले. विवाहाच्या बाबतीत आपल्या यहुदीपणाविषयी शंका घेतली गेली, तेव्हा १९६४ मध्ये आपली माणसे जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसली आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने आपल्याला समान मानणारा ठराव केला. माझ्या मते, हे दुसरे यश मिळाले ते निघून न गेलेल्यांमुळे. पण पहिल्यांच्या जाण्याने कोणाचे कान उघडले नसतील, असेही मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

ग्रंथाच्या जर्मन आवृत्तीच्या प्रस्तावनेत हिर्शमन यांनी या विचारामागची एक खंत उघड केली. १९३३ नंतर जर्मनीतून जे आधी निघाले ते तरुण आणि धडाडीचे होते. मागे राहिलेला समाज त्यामुळे दुबळा झाला. ते राहिले असते तरी हिटलरपुढे काही चालले नसते, हे त्यांना ठाऊक होते. तरी अठराव्या वर्षी पॅरिसला निघालेल्या मुलाला तो हिशेब चुकता करता आला नाही.

१९८९ मध्ये पूर्व जर्मनीची माणसे हंगेरीमार्गे पळू लागली आणि त्याच वेळी लाइपझिगच्या रस्त्यांवर जमावही वाढू लागले. निर्गमाने आवाज क्षीण होतो, हे त्यांचे सूत्र तेथे लागू पडले नाही. दोहोंनी एकमेकांना बळ दिले. हिर्शमन तेव्हा बर्लिनला गेले, राहिले, आणि १९९३ मध्ये निबंध लिहून त्यांनी स्वतःच्या सिद्धान्तात दुरुस्ती केली. वय होते ७८. १० डिसेंबर २०१२ रोजी न्यू जर्सीत त्यांचे निधन झाले.

१९७० चा तो ग्रंथ त्यांनी कोलोर्नींना अर्पण केला आहे.