भुताची गोष्ट ऐकावी की नाही?



कांदा काटणीच्या दिवसांतली गोष्ट. गटातल्या आम्ही सात-आठ जणी वावरात बसलो होतो. एकीच्या सुनेनं मोबाईलवर भुताची कादंबरी लावली आणि मोबाईल रिकाम्या घमेल्यात ठेवला, म्हणजे आवाज मोठा येतो. हात चालू, तोंडं बंद! रोज दुपारी उठून जाणाऱ्या मावशीसुद्धा हलल्या नाहीत. पण एक ताई एकदम म्हणाल्या, "बंद कर ते. असल्या भुतानं माझे दहा दिवस आणि चार हजार रुपये खाल्लेत."

त्यांच्या मुलाला ताप होता. कोणीतरी 'बाहेरचं आहे' म्हणालं. लिंबू, अंगारा, कोंबडं सगळं झालं. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा पोरगा पार गळून गेला होता. तो बरा झाला, पण ताईंच्या मनातून ते दिवस गेले नाहीत. म्हणून आज बोलायचं ते यावरच. भुताखेताच्या आणि अद्भुत गोष्टी मोबाईलवर ऐकाव्यात का, आणि ऐकायच्या तर कशा?

आधी हे बोलतं पुस्तक म्हणजे काय ते सांगते. एक वाचक स्टुडिओत बसून अख्खी कादंबरी वाचतो आणि ते ध्वनिमुद्रित होतं. आकाशवाणीच्या श्रुतिकेत पात्रं वेगवेगळ्या आवाजात बोलतात. इथं बहुतेक वेळा एकच माणूस म्हातारीही होतो आणि राक्षसही. मध्यम आकाराची कादंबरी ऐकायला सहा-सात तास लागतात, म्हणजे काटणीचा एक दिवस. 2017 साली स्वीडनची स्टोरीटेल ही कंपनी भारतात आली, तेव्हा पहिल्यापासून तिनं मराठी पुस्तकं ठेवली. पुण्याच्या स्नॉवेलसारख्या मराठी संस्थांनीही बोलती पुस्तकं काढली आहेत.

भयकथेत मराठीत दोन नावं मोठी. नारायण धारप (1925 ते 2008) यांनी 'समर्थ' नावाचा नायक उभा केला, जो वाईट शक्तींशी लढतो. त्यांची 'लुचाई' ही कादंबरी अमेरिकेतल्या स्टीफन किंग यांच्या कादंबरीवर बेतलेली आहे, पण वाचताना परकी वाटत नाही. दुसरे रत्नाकर मतकरी (1938 ते 2020). त्यांच्या गूढकथांत भूत बाहेर कमी आणि माणसाच्या मनात जास्त असतं. 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातली चेटकीणही त्यांचीच. अद्भुत कादंबरी तर मराठीत फार जुनी. 'मुक्तमाला' 1861 सालची आहे.

ऐकणं आपल्याला नवीन नाही. श्रावणातल्या कहाण्या, वेताळाच्या गोष्टी, पिंपळावरचा मुंजा, हे सगळं आपण आजीच्या तोंडून कानानंच घेतलं. शाळा चौथीत सुटलेली बाईसुद्धा कादंबरी ऐकू शकते, तिला अक्षरांची अडचण येत नाही. आमच्या एका मावशींनी आयुष्यात पुस्तक हातात धरलं नव्हतं. आता त्या विचारतात, "त्या वाड्याचं पुढं काय झालं गं?"

मग ताईंच्या प्रश्नाचं काय? मला वाटतं, गोष्टीतलं भूत आणि देवऋषीचं भूत यांत मोठा फरक आहे. गोष्ट ऐकताना आपल्याला ठाऊक असतं, हे लेखकानं रचलेलं आहे. छाती धडधडते, पण आपण घरात सुखरूप असतो. नको वाटलं तर बटण दाबलं की भूत गप्प. देवऋषीच्या भुताला असं बटण नसतं. ते पैसे मागतं आणि दवाखान्याची वेळ घालवतं. आपल्या राज्यात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीनं बांधणं, साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. त्यामुळे गटात भयकथा लावली तर शेवटी दोन मिनिटं हेही बोलावं.

आणि एक जपायला हवं. आपल्या आंबेगाव तालुक्यानं 30 जुलै 2014 चं माळीण पाहिलं आहे. दीडशेहून जास्त माणसं दरडीखाली गेली. ज्यांच्या घरात असं दुःख आहे, किंवा ज्यांना रात्री झोप लागत नाही, त्यांच्यासमोर न विचारता भयकथा लावू नये. त्यांना विनोदी कथा, प्रवासवर्णन असं दुसरं काहीतरी लावू.

आता व्यवहाराचं.

पहिलं, डाउनलोड. डिंभ्याच्या वर, भीमाशंकरच्या बाजूला रेंज जाते-येते. घोडेगावच्या बाजाराला आलात की पुस्तक उतरवून घ्या, मग आवणीच्या वेळी नेटशिवाय ऐकता येतं. तासाला साधारण तीस-चाळीस एमबी लागतात.

दुसरं, पैसे. 'पहिला महिना फुकट' म्हणत बरीच ॲप ऑटोपे चालू करून घेतात. माझ्याच खात्यातून एकदा तीन महिने पैसे गेले, मला पत्ताच नाही. मोबाईलमधून ॲप काढून टाकलं तरी ऑटोपे थांबत नाही. ज्या यूपीआय ॲपवरून मंजुरी दिली, तिथं ऑटोपेच्या यादीत जाऊन ते रद्द करावं लागतं. पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी मेसेज येतो, तो वाचत जा.

तिसरं, कान. संध्याकाळी वावरातून येताना किंवा रात्री पाण्याची पाळी असताना दोन्ही कानांत इअरफोन नको. आपल्या भागात बिबट्या आहे, रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर आहेत. हे काही कादंबरीतलं भय नाही, इथं कान उघडेच हवेत.

चौथं, लेकरं. रात्री ती शेजारी झोपलेली असतील तर मोठ्यानं लावू नका. स्लीप टायमर लावला की ठरलेल्या वेळी गोष्ट आपोआप थांबते.

त्या ताईंचं पुढं काय झालं? चार दिवस त्या लांब बसून काटत होत्या. पाचव्या दिवशी पाटी घेऊन जवळ आल्या. गोष्ट संपल्यावर म्हणाल्या, "हे भूत बरं आहे. पैसे किती ते आधीच सांगतं, आणि संपलं की घरी जाऊ देतं."

पुढच्या बैठकीत तुमच्या गटानंही ठरवा, कोणती गोष्ट लावायची. आणि एखादी 'नको' म्हणाली, तर आधी तिचं ऐकून घ्या.

नमस्कार.