हृदयाचे ऑपरेशन झाले, तरी फाईल जपून ठेवा

‘ऑपरेशन झाले, पोर वाचले, आता कसली काळजी?’ असे आपण सहज म्हणून जातो. मूल अंगाने भरते, शाळेत जाते, गल्लीत क्रिकेट खेळते. छातीवरचा व्रण सदऱ्याखाली झाकला जातो आणि दवाखान्याची फाईल ट्रंकेच्या तळाशी जाते. घर बदलताना किंवा पावसाळ्यात ती गहाळही होते. मूल बरे झाले याचा आनंद मानायलाच हवा. परंतु जन्मजात हृदयदोषाचे ऑपरेशन झालेल्या माणसाला ती फाईल तिशीत, चाळिशीतही लागते. ती का लागते, हे प्रत्येक आईबापाने समजून घेतले पाहिजे.

दर हजार मुलांमागे सुमारे आठ-नऊ मुले हृदयात काही ना काही दोष घेऊन जन्मतात. याचा ग्रहणाशी, नजरेशी किंवा कुणाच्या पापपुण्याशी काडीचाही संबंध नाही. गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांत हृदय घडते, त्या घडणीत उणीव राहते.

सगळे दोष सारखे नसतात

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असेल आणि ते वेळेवर बुजवले, तर निकाल फार चांगला लागतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९५६ ते १९६० या काळात असे ऑपरेशन झालेल्या रुग्णांची पाहणी १९९० साली प्रसिद्ध झाली. पंचविशीच्या आत ऑपरेशन झालेली माणसे इतर चारचौघांइतकीच जगली होती. चाळिशी उलटल्यावर ऑपरेशन झालेल्यांचे मात्र तसे झाले नाही. म्हणून ‘मोठा झाला की बघू’ असे म्हणून दिवस ढकलू नयेत.

निळ्या बाळाची गोष्ट

‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ हा दोष अधिक गुंतागुंतीचा आहे. यात खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असते आणि फुप्फुसाकडे रक्त नेणारी वाट अरुंद असते. अशुद्ध रक्त शुद्ध रक्तात मिसळून अंगभर फिरते. मूल रडले की ओठ आणि नखे निळी पडतात. थोडे चालले की ते उकिडवे बसते.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी अशा एका तान्ह्या मुलीवर ऑपरेशन केले. मूळ कल्पना डॉ. हेलन टॉसिग या बाल-हृदयरोगतज्ज्ञ बाईंची होती. प्रयोगशाळेत कुत्र्यांवर प्रयोग करून ते तंत्र बसवले व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय सहाय्यकाने. बँक बुडाल्यामुळे कॉलेजसाठी साठवलेले त्यांचे पैसे गेले होते. कागदोपत्री त्यांना झाडूवाल्याचा दर्जा व तेवढाच पगार होता. पण त्या दिवशी ते ब्लॅलॉक यांच्या पाठीमागे स्टुलावर उभे राहून त्यांना सूचना देत होते. पुढे १९७६ साली त्याच संस्थेने थॉमस यांना मानद डॉक्टरेट दिली.

ते ऑपरेशन म्हणजे फुप्फुसाला जास्त रक्त मिळावे म्हणून बाहेरून काढलेली पर्यायी वाट होती. मुलगी सावरली, परंतु काही महिन्यांनी दगावली. हृदय उघडून मूळ दोषच दुरुस्त करण्याचे पहिले ऑपरेशन ३१ ऑगस्ट १९५४ रोजी मिनेसोटा विद्यापीठात डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी केले.

ती मुले पुढे कशी जगली?

लिलेहाय यांच्या १०६ रुग्णांचा २६ ते ३१ वर्षांचा आढावा १९८६ साली प्रसिद्ध झाला. शंभरातले सुमारे ७७ जण तीस वर्षांनंतरही हयात होते. कित्येक जण पदवीधर झाले, दोघे तर स्वतः डॉक्टर झाले. चाळीस जणांना मिळून ८२ मुले झाली. त्यांपैकी सहा मुलांच्या हृदयात दोष आढळला. म्हणजे शिक्षण, नोकरी, संसार या माणसांना पारखा नाही.

मग धोका कुठे आहे?

फुप्फुसाकडची अरुंद वाट मोठी करताना तिथल्या झडपेला बहुधा छेद द्यावा लागतो. ती झडप पुढे गळू लागते. थोडे रक्त मागे येत राहते आणि हृदयाचा उजवा कप्पा वर्षानुवर्षे ताणून मोठा होतो. घातक बाब अशी की, माणसाला पुष्कळ दिवस काहीच जाणवत नाही. तो कामावर जातो, ओझे उचलतो, जिने चढतो. मग एखाद्या दिवशी धडधड, चक्कर किंवा धाप सुरू होते. काहींच्या हृदयाचे ठोके एकाएकी बिघडतात आणि जीव जातो.

वेळेवर तपासणी झाली तर यावर इलाज आहे. गळकी झडप बदलता येते. २००० सालापासून काही रुग्णांमध्ये छाती न उघडता, शिरेतून नळी सरकवूनही नवी झडप बसवता येऊ लागली आहे. मात्र कप्पा प्रमाणाबाहेर ताणला गेला, तर झडप बदलूनही तो पूर्ववत होत नाही. म्हणूनच त्रास सुरू होण्याची वाट न पाहता ठरलेल्या तारखेला टू-डी इको आणि ईसीजी करून घ्यावा. डॉक्टरांनी सांगितल्यास एमआरआयही करावा.

लेकीच्या लग्नात लपवू नका

स्थळ मोडेल या भीतीने मुलीचे ऑपरेशन लपवले जाते. पुढे तिला दिवस जातात, हृदयावरचा भार वाढतो आणि बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरला काहीच ठाऊक नसते. दुरुस्त हृदयाच्या बहुतेक स्त्रिया सुखरूप बाळंत होतात. पण आधी हृदयतज्ज्ञाचा सल्ला आणि सोय असलेले रुग्णालय हवे. लपवाछपवीत जीव लेकीचाच धोक्यात येतो.

एवढे अवश्य करा

• ऑपरेशनचा कागद, डिस्चार्ज कार्ड व इकोचे रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. दोन झेरॉक्स काढा.

• दोषाचे आणि ऑपरेशनचे नाव मुलाला तोंडपाठ करवा.

• दात स्वच्छ ठेवा. दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना हृदयाची हकीकत सांगा. काहींना आधी औषध घ्यावे लागते.

• अठरा वर्षांनंतर मुलांचा विभाग सुटतो. तेव्हाच मोठ्यांच्या हृदयविभागात नाव घाला. पुष्कळ जणांची तपासणी इथेच तुटते.

• अंगणवाडीत व सरकारी शाळांत २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके मुलांना तपासतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे विचारा.

तपासणीसाठी एका दिवसाची रोजी बुडते, हे खरे आहे. परंतु त्या एका दिवसाने कमावत्या लेकराचे पुढचे आयुष्य वाचते. आज रात्रीच ट्रंक उघडा आणि फाईल कुठे आहे ते पाहा.