जादूगाराच्या झग्याला शिवण कुठे असते? : सिनेमाचे पोशाख मुलांसोबत पाहताना

सुट्टीत मुलांना प्रदर्शनाला नेलं की बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं. मुलं पुढे पळतात, पालक फोटो काढतात आणि बाहेर पडताना दुकानात हट्ट होतो. घरी आल्यावर "काय पाहिलंस?" विचारलं तर उत्तर येतं, "मस्त होतं." एवढा खर्च आणि एवढी पायपीट करून हाती फक्त 'मस्त'च लागणार असेल, तर शिक्षक आणि पालक म्हणून आपण थोडा विचार करायला हवा.

लंडनजवळ लीव्हस्डेन इथे हॅरी पॉटर चित्रपटांचा स्टुडिओ आहे. दुसऱ्या महायुद्धात या जागी लष्करी विमानं बनायची. पुढे इथेच आठही चित्रपटांचं काम झालं आणि २०१२ पासून हा स्टुडिओ लोकांना पाहायला खुला आहे. युस्टन स्टेशनातून वॉटफर्ड जंक्शनपर्यंत रेल्वे आणि तिथून बस. तिकीट आधीच काढावं लागतं. माझी बहीण तिथे नोकरीला आहे. मे महिन्यात भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि मी तिच्याकडे गेलो, तेव्हा सगळे मिळून हे पाहून आलो. तिथे पोशाखांसमोर मुलांशी काय काय बोलता येतं, ते इथे मांडते.

गणवेश एक, माणसं अनेक

पहिल्या दोन चित्रपटांत मुलांचे गणवेश अगदी नीटनेटके आहेत. तिसरा चित्रपट २००४ साली आला. त्याचे दिग्दर्शक अल्फान्सो क्वारोन यांनी कलाकार मुलांना सांगितलं, की तुम्ही खरोखर घालाल तसा गणवेश घाला. मग कुणाचा टाय सैल, कुणाचा शर्ट बाहेर! याच चित्रपटापासून वेशभूषेची जबाबदारी जॅनी टेमीम यांच्याकडे आली आणि ती शेवटच्या चित्रपटापर्यंत राहिली. झग्याला टोपी आली आणि आतून प्रत्येक हाऊसच्या रंगाचं अस्तर लागलं.

इथे मुलांना विचारा : आपल्या वर्गातही सगळ्यांचा गणवेश एकच आहे, मग पाठमोरं पाहूनही कोण आहे ते कसं ओळखता येतं? 'व्यक्तिरेखा' म्हणजे काय, हे शिकवायला याहून सोपं उदाहरण मिळणार नाही.

रंगही बोलतात

अम्ब्रिज बाईंचे सगळे कपडे गुलाबी. पण नीट पाहिलं तर सुरुवातीचा गुलाबी फिका आहे आणि शाळेतली त्यांची सत्ता वाढत जाते तसा तो गडद होत जातो. गुलाबी म्हणजे गोड, प्रेमळ असं आपण धरून चालतो. इथे तोच रंग भीती वाटावी असा वापरलाय. आठ वर्षांच्या भाचीने हे बरोब्बर पकडलं. म्हणाली, "आत्या, ही बाई गोड बोलते पण गोड नाहीये!"

जुना कपडा 'बनवावा' लागतो

मुलांना सगळ्यात जास्त नवल याचं वाटतं. पडद्यावर दिसणारा फाटका, मळका कोट हा मुळात कोराच शिवलेला असतो. मग तो पुन्हा पुन्हा धुतात, रंगात बुडवतात, कोपरांवर आणि कडांवर सँडपेपर किंवा किसणी घासतात. प्रसंग मारामारीचा असेल तर एकाच कपड्याच्या अनेक प्रती लागतात : एक स्वच्छ, एक मळलेली, एक फाटलेली. कारण शूटिंग गोष्टीच्या क्रमाने होतच नाही.

मापाचीही गंमत आहे. हॅग्रिडची भूमिका रॉबी कोल्ट्रेन यांची. पण तो राक्षसासारखा मोठा दिसावा म्हणून काही दृश्यांत मार्टिन बेफील्ड हे उंचपुरे माजी रग्बी खेळाडू उभे राहिले. म्हणजे तेच कपडे दोन मापांत शिवायचे! न्यूझीलंडमध्ये बनलेल्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली चिलखतं तर बरीचशी प्लास्टिकच्या पाइपाच्या कड्यांची आहेत. पाइप कापून लाखो कड्या हातांनी एकात एक गुंतवल्या.

इथे अंधार का असतो?

जुने कपडे मांडलेल्या दालनांत उजेड कमी असतो. मुलं घाबरतात किंवा कुरकुर करतात. त्यांना कारण सांगावं. उजेडाने रंग उडतो, धागा कमजोर होतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. म्हणून संग्रहालयांत नाजूक कापडावर साधारण ५० लक्स एवढाच उजेड ठेवतात. खिडकीतल्या पडद्याची उन्हाची बाजू आणि आतली बाजू घरी ताडून पाहिली की पटतं.

कोल्हापूरचा धागा

'स्टार वॉर्स'ची वेशभूषा जॉन मोलो यांची. डार्थ व्हेडरचा पोशाख ठरवताना त्यांनी भाड्याने कपडे देणाऱ्यांकडून मोटारसायकलस्वाराचा सूट, गॅस मास्क, जर्मन सैनिकी हेल्मेट आणि मध्ययुगीन साधूचा झगा एकत्र करून पाहिला. गॅदरिंगच्या आधी ड्रेसवाल्याकडे जाऊन आपण तरी वेगळं काय करतो?

याच मोलोंनी १९८३ साली 'गांधी' चित्रपटासाठी आणखी एक ऑस्कर घेतलं, आणि त्यात बरोबरीच्या मानकरी होत्या भानू अथैया. जन्म कोल्हापूरचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

हे मी मुद्दाम सांगितलं, कारण माझ्या बारा वर्षांच्या भाच्याला शिवणाची आवड आहे. आजीच्या मशीनवर तो पिशव्या शिवतो. "मुलगा असून काय शिवत बसतोस?" हे त्याला घरातच ऐकावं लागतं. सगळे पुढे गेले तरी तो एका झग्यासमोर खाली वाकून काठाची शिवण बघत राहिला. भाऊ लांबून पाहत होता. परतीच्या गाडीत त्यानेच मला विचारलं, "ताई, हे रीतसर शिकायचं तर कुठे शिकतात?" मी सांगितलं : आयटीआयमध्ये ड्रेस मेकिंगचा अभ्यासक्रम असतो, पुढे निफ्टसारख्या संस्था आहेत, मुंबईतही आहे. भाचा खिडकीबाहेर बघत होता, पण कान इकडेच होते.

वर्गात, घरी करून पाहा

लंडनला जायची गरज नाही. जवळच्या नाट्यमंडळाचा कपडेपट पाहायला मिळाला तरी पुष्कळ.

१. जाण्याआधी एकच काम द्या : एक पोशाख निवड आणि त्यापाशी पाच मिनिटं थांब.
२. फोटोऐवजी चित्र काढायला सांगा. बटणं किती, शिवण कुठे, खिसा आहे का?
३. जुना शर्ट द्या आणि तो म्हाताऱ्या कोळ्याचा, पळून आलेल्या राजपुत्राचा 'बनवायला' सांगा.
४. गल्लीतल्या शिंपीकाकांना किंवा शिवणकाम करणाऱ्या ताईंना वर्गात बोलवा. मुलांना प्रश्न विचारू द्या.

यातलं चौथं काम चुकवू नका. पोशाखाखाली डिझायनरचं नाव लिहिलेलं असतं, पण टाके घालणाऱ्या हातांचं बहुधा नसतं. ते हात मुलांना दिसले, की कपड्याकडेच नाही तर कामाकडेही बघायची त्यांची नजर बदलते.