धूर की वास?

२२ ऑगस्ट २०२५. मँचेस्टरच्या विमानातल्या आगीला आज चाळीस वर्षं झाली. फलटणमध्ये ही तारीख ध्यानात ठेवणारा बहुधा मी एकटाच. मलाही ती यंदा टोचली ती गेल्या महिन्यात लोहगाव विमानतळावर घडलेल्या प्रकारामुळं. तो शेवटी सांगतो.

आमचं घरचं गुऱ्हाळ होतं. चुलाणात चिपाडं सारायचं काम पोरवयात माझ्याकडं. आमचा गुळव्या डोळ्यांपेक्षा नाकावर भरवसा ठेवायचा. काहिलीतला पाक करपायच्या आधी वास पालटतो. तो पालटला की गुळव्या ‘उतरवा’ म्हणायचा, आणि मालक कितीही ‘अजून जरा’ म्हणाला तरी ऐकायचा नाही. हेच नाक घेऊन मी मुधोजी कॉलेजातून मुंबईला गेलो आणि सांताक्रूझला विमानांच्या देखभालीत चिकटलो. पहिली काही वर्षं पाने-पेंचिसांत गेली. नव्वदनंतरची कागदांत. सांगण्यासारखं आहे ते मधल्या दशकाचं.

उभ्या विमानात मोठी इंजिनं बंद असतात. वीज आणि थंड हवा पुरवतं ते शेपटीतलं छोटं इंजिन, आमच्या भाषेत एपीयू. त्याच्या सीलमधून तेल झिरपलं की केबिनभर ओल्या मोज्यांचा वास. हायड्रॉलिकचं तेल असेल तर आंबूस, घशाला लागणारा. ट्यूबचा चोक जळाला तर उग्र. ओव्हनमध्ये सांडलेलं जेवण करपलं तर कुठल्याही स्वयंपाकघरातला. कधी बाहेर उभ्या ट्रॅक्टरचा डिझेलचा धूर एपीयू आत ओढून घ्यायचं. आणि मुंबईच्या पावसाळ्यात छताच्या फटींतून पांढरे लोट उतरायचे, की नवखे प्रवासी ओरडत उठायचे. मी नुसता हात धरायचो. गार, ओलसर आणि बिनवासाचं. ती निव्वळ वाफ.

वास ओळखला की पुढचं सोपं असायचं. एपीयूची हवा तोडायची, हवा फिरवणारे पंखे थांबवायचे, दारं उघडायची. विजेचा वास असेल तर बाहेरून जोडलेली वीजही काढायची. जिना लागलेला असेल तर माणसं जिन्यानंच उतरवायची; स्लाइडवरून घसरताना पाय मोडतात, ती अगदीच इलाज नसेल तेव्हा. सिगारेटचा जमाना होता तो. गंमत अशी, की कुठं सांध्यातून हवा गळत असेल तर तिथं विमानाच्या बाहेरून तंबाखूचा पिवळट ओघळ दिसायचा. सिगारेट बंद झाली हे बरंच झालं, पण फुकटचा खबऱ्या गेला.

१९८० च्या उन्हाळ्यात एका विमानात मधल्या ओळींवरच्या पॅनेलमधून निळसर धूर निघताना मी पाहिला. वहीत लिहिलं, ‘धूर’. आमच्या साहेबांनी लाल पेनानं तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, ‘वास’. धूर लिहिला की विमान अडतं, पॅनेलं उघडावी लागतात. वास लिहिला की ‘तपासलं, आढळला नाही’ एवढ्यावर सुटतं. मी गप्प बसलो. नोकरी अजून तशी नवीच होती.

त्याच वर्षी १९ ऑगस्टला रियाध घडलं. कराचीहून आलेलं सौदियाचं ट्रायस्टार जेद्दाला निघालं. सातेक मिनिटांत सामानाच्या कप्प्यातल्या धुराची सूचना मिळाली. विमान माघारी फिरलं, सुखरूप उतरलं. आणि मग जागेवर थांबायच्या ऐवजी धावपट्टी सोडून टॅक्सी करत राहिलं. थांबल्यावरही इंजिनं तीन मिनिटं चालूच होती. ती बंद झाल्यानंतर बाहेरून दार उघडायला तेवीस मिनिटं गेली. तीनशे एक माणसं आत होती, एकही वाचलं नाही. विमान जमिनीवर उभं होतं, हे मला आजही गिळवत नाही.

आमच्या हँगरमध्ये वर्षानुवर्षं सांगायचे, यात्रेकरूंनी स्टोव्हवर चहा केला म्हणून पेटलं. स्टोव्ह सापडले होते हे खरं. पण अहवालानं आगीची जागा खालच्या सामानाच्या कप्प्यात दाखवली. गरिबाच्या चुलीवर ढकललं की सगळे मोकळे.

मग १९८५, मँचेस्टर. उड्डाण रद्द केलेलं ७३७ धावपट्टीवरून वळून थांबलं. इंजिनाच्या तुटलेल्या भागानं इंधनाची टाकी फोडली होती आणि आग भडकली होती. पंचावन्न गेले, त्यांतले अठ्ठेचाळीस धुरानं. पंखावरच्या दाराशी जायची वाट रुंद झाली, आसनांना आगीला दाद न देणारं अस्तर आणि वाटेला जमिनीलगतचे दिवे हे सगळं त्याच दशकातलं. आमच्या साहेबांचं लाल पेन तेव्हाही खिशात होतंच.

पुढचं थोडक्यात. २००९ मध्ये मुंबईत रियाधलाच निघालेल्या जंबोच्या इंजिनाला आग लागली, २१३ प्रवासी स्लाइडवरून उतरले. यंदा जानेवारीत बुसानला उभं विमान डोक्यावरच्या कप्प्यातून पेटलं, १७६ जण बाहेर पडले. संशय पॉवर बँकेवर. लिथियमचा वास माझ्या नाकाला अनोळखी आहे, कबूल. आणि २२ जुलैला दिल्लीत, हाँगकाँगहून आलेल्या विमानाच्या एपीयूनंच पेट घेतला. माणसं उतरतच होती, म्हणून निभावलं.

त्याच आठवड्यात मी लोहगावला विमानात बसलो होतो. दारं बंद, विमान जागेवर, चाळीस मिनिटं. आणि आला, ओल्या मोज्यांचा वास. बेल दाबली. एपीयूचं तेल झिरपतंय, कॅप्टनना सांगा, म्हटलं. विशीतली पोर, हसून म्हणाली, ‘सर, नॉर्मल आहे. वास येतो कधी कधी.’ मागच्या ओळीतल्या दोघांनी मोबाइल काढून माझाच व्हिडिओ सुरू केला. शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला होता, पण त्याही म्हणाल्या, ‘काका, बसा हो, उशीर होतोय.’

मी बसलो. ती पोर गॅलीत गेली, मोगऱ्याचा फवारा घेऊन आली आणि आमच्या ओळीवर दोनदा मारला. मागून कुणीतरी ‘थँक्यू’ म्हणालं.