पोट लहान झाले, मनाचे काय?

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला की घरात पहिला प्रश्न येतो पैशांचा आणि दुसरा जिवाच्या धोक्याचा. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. शस्त्रक्रिया करून आलेला माणूस घरी पाटावर जेवायला बसेल, तेव्हा त्याच्या मनात काय चाललेले असेल? आज आपण या तिसऱ्या प्रश्नाविषयी बोलू.

एक उदाहरण कल्पू. रायगड जिल्ह्यातल्या थळ गावच्या एक मावशी. वय पंचेचाळीस. पहाटे होडी लागली की मासळी घ्यायची, अलिबागच्या बाजारात विकायची आणि दुपार कलल्यावर घरी येऊन पोटभर जेवायचे, हा त्यांचा नेम. उंची १५२ सेंटीमीटर, वजन ९० किलो. मधुमेह आहे, गुडघे दुखतात, झोपेत श्वास अडकतो. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्याला बीएमआय म्हणतात. मावशींचा बीएमआय सुमारे ३९ आहे. भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली एकमताने असे ठरवले की, बीएमआय ३७.५ च्या वर असेल, किंवा ३२.५ च्या वर असून सोबत मधुमेहासारखा आजार असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी ही मर्यादा आणखी खाली आणली. म्हणजे वैद्यकीय हिशेबाने मावशी शस्त्रक्रियेला पात्र आहेत.

आता होते काय, ते पाहू. ‘स्लीव्ह’ नावाच्या प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवतात. भुकेचा निरोप मेंदूला देणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होते, त्यामुळे सुरुवातीचे काही महिने भूकच मंदावते. ‘बायपास’ या दुसऱ्या प्रकारात जठराची लहान पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होतात आणि रुग्ण दोन-चार दिवसांत घरी जातो.

पण भूक दोन प्रकारची असते. एक पोटाची, दुसरी मनाची. धंद्यात खोट आली, मुलाशी वाद झाला, घर रिकामे वाटले की हात डब्याकडे जातो, ती मनाची भूक. सर्जन पोटाच्या भुकेवर इलाज करतो. मनाची भूक जशी होती तशीच राहते. वर्षानुवर्षे जेवण हाच ज्याचा विसावा होता, त्याचा विसावा एका सकाळीत काढून घेतला जातो. त्या जागी दुसरे काही ठेवायला हवे. मानसिक आधार म्हणतात तो हाच.

हा आधार शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू व्हावा लागतो. ‘मानसोपचारतज्ज्ञाला भेटून या’ असे सर्जनने सांगितले की पुष्कळांना राग येतो. ‘मी काय वेडा आहे?’ असे ते विचारतात. ही भेट म्हणजे पास-नापासाची परीक्षा नव्हे. तज्ज्ञाला काही गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. ताबा सुटल्यासारखे, लपूनछपून खाणे होते का? नैराश्य आहे का, आणि त्यावरच्या गोळ्या चालू आहेत का? दारू, तंबाखू, मिश्री यांची सवय आहे का? घरी स्वयंपाक कोण करते? आणि सर्वांत महत्त्वाचे, या शस्त्रक्रियेकडून अपेक्षा काय आहे? आपल्या मावशींचे वजन साधारण दीड वर्षात पासष्ट-सत्तर किलोपर्यंत येऊ शकेल, मधुमेह पुष्कळ आटोक्यात येईल. पण लग्नाच्या फोटोतली बांधेसूद मुलगी परत येणार नाही, सैल झालेली कातडी लोंबेल, आणि नवऱ्याशी जुने भांडण असेल तर तेही तिथेच राहील. हे आधी कळलेले बरे. काही अडचण आढळली तर बहुधा शस्त्रक्रिया नाकारत नाहीत. आधी त्या अडचणीवर उपचार करतात, मग तारीख देतात.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे पातळ पदार्थांचे. घोट घोट पाणी, ताक, डाळीचे पाणी. मग हळूहळू मऊ अन्न. घास पुष्कळ चावायचा, जेवताना पाणी प्यायचे नाही, प्रथिने आधी घ्यायची, जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. विशेषतः बायपासनंतर गोड जास्त खाल्ले तर घाम फुटतो, छाती धडधडते, गरगरते. या काळात अनेकांना ‘हे आपण काय करून बसलो’ असे वाटून रडू येते. हे नेहमीचे आहे आणि बोलल्याने हलके होते.

मग येतात सुखाचे महिने. कपडे सैल होतात, गुडघे हलके होतात, लोक कौतुक करतात. खरी कसोटी त्यानंतर, दुसऱ्या वर्षात असते. वजन उतरायचे थांबते, काहींचे थोडे वाढूही लागते. कौतुक सरते. भूक परत येते. आणि नेमके तेव्हाच दवाखान्याच्या फेऱ्या कमी झालेल्या असतात.

परदेशातल्या अभ्यासांचे आकडे येथे बोलके आहेत. अमेरिकेतल्या युटा राज्यातला मोठा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. बायपास करून घेतलेल्या लोकांमध्ये एकूण मृत्यूंचे प्रमाण तशाच स्थूल पण शस्त्रक्रिया न केलेल्या लोकांपेक्षा ४० टक्क्यांनी कमी होते. मात्र अपघात, आत्महत्या अशा, आजाराखेरीज इतर कारणांनी होणारे मृत्यू ५८ टक्क्यांनी जास्त होते. २०१२ च्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात दारूच्या विकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेआधी ७.६ टक्के होते, ते दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के झाले. बायपासनंतर दारू रक्तात लवकर चढते, हे त्यामागचे एक कारण. या आकड्यांनी घाबरून शस्त्रक्रिया टाळू नये. तिने जीव वाचतात हेही याच आकड्यांत आहे. पण रुग्णाला दुसऱ्या वर्षी एकटे सोडू नये, एवढे त्यातून नक्की शिकावे.

आता पुन्हा थळला येऊ. शस्त्रक्रिया मुंबईत होते. तपासणीसाठी मांडव्याहून गेटवेची लाँच पकडायची, तर त्या लाँचा पावसाळ्यात बंद असतात. २०२० पासून भाऊच्या धक्क्याची रो-रो आहे, रस्ताही आहे, पण एक दिवस मोडतो आणि बाजार बुडतो. म्हणून आधार गावाजवळच शोधावा लागतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम जिल्हा रुग्णालयांच्या आधाराने चालतो, त्यामुळे पहिली चौकशी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात करावी. शिवाय ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन केला की प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, मराठीतही. शस्त्रक्रिया ठरवतानाच रुग्णालयाला विचारून ठेवावे : फोनवर समुपदेशन कराल का, शस्त्रक्रिया झालेल्यांचा गट आहे का, दोन वर्षे पाठपुरावा कोण करील? नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. बायपासनंतर औषध अंगी लागण्याचे प्रमाण बदलू शकते, तेव्हा मात्रा डॉक्टरांनाच ठरवू द्यावी.

सर्वांत जवळचा आधार मात्र घरचाच. आपल्याकडे प्रेम वाढण्यातून व्यक्त होते. हळदीच्या मांडवात, नारळी पौर्णिमेला, माहेरी गेल्यावर ‘एवढंच? अजून एक भाकरी घे ना’ हा आग्रह ठरलेलाच. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला हा आग्रह अक्षरशः सोसत नाही. त्यातून पुष्कळ जणी शस्त्रक्रिया लपवतात, ‘पोटाचं ऑपरेशन झालं’ एवढेच सांगतात आणि प्रत्येक पंगतीत नवे निमित्त शोधत बसतात. नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि ती लपवली नाही. पुढाऱ्याला जे जमते ते गावातल्या बाईला तितके सोपे नसते, हे खरे. तरी निदान घरात आणि दोन-तीन विश्वासाच्या माणसांना खरे सांगावे. नाही म्हणायला मग बळ येते.

घरच्यांनी काय करावे? ताटात किती टाकले ते मोजू नये. रोज वजन विचारू नये. ‘पैसे घातले आणि तरी वजन वाढतंय’ असे तर चुकूनही म्हणू नये. जेवणाखेरीज एकत्र बसायचे निमित्त काढावे; मावशी आणि त्यांची सून संध्याकाळी खांदेरीकडे बघत किनाऱ्याने चालल्या, तर अर्धे समुपदेशन तिथेच झाले. झोप उडाली, बोलणे कमी झाले, बाटली जवळ येऊ लागली, ‘मेलेलं बरं’ असे शब्द आले, तर मात्र वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

शस्त्रक्रियेला दोन तास लागतात. तिच्यासोबत जगायला शिकायला दोन वर्षे लागतात. मावशींनी मुंबईची तारीख घ्यावी, जरूर घ्यावी. पण त्या दोन वर्षांत आपल्यासोबत कोण असेल, ते आधी ठरवून मगच घ्यावी.