गुडघ्यावरचं तेलाचं आळं

जानुबस्ती या गुडघेदुखीवरच्या आयुर्वेदिक उपचारासाठी उडदाच्या पिठाची घट्ट कणीक मळतात. तिचं आळं गुडघ्यावर बसवायचं, कडा ओल्या बोटाने चिकटवायच्या आणि आत सोसवेल इतकं गरम औषधी तेल ओतायचं. ते कोमट झालं की कापसाने टिपून पुन्हा गरम तेल. साधारण अर्धा तास हे चालतं.

या उबेने आखडलेले स्नायू सैलावतात, ठणका उतरतो. पण झिजलेली कूर्चा तेलाने भरून येत नाही. कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात. स्पंजासारखी दाबली-सुटली की ती सांध्यातल्या द्रवातून पोषण घेते. म्हणून बस्तीनंतर नुसतं पडून राहणं मला चुकीचं वाटतं. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम हवाच.

गुडघेदुखीवर पोटात घ्यायच्या आयुर्वेदिक औषधांची मात्र कसून परीक्षा झाली आहे, तीही आपल्या पुण्यातल्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने. गुडघेदुखीच्या ४४० रुग्णांवरचा हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सुंठ, गुळवेल, आवळा, सालई गुग्गुळ यांच्या अर्कांची औषधं २४ आठवड्यांत सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक आणि ग्लुकोसामाइन यांच्या तोडीची ठरली. पण काहींच्या रक्तात एसजीपीटी हे यकृताचं विकर वाढलं. औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झालं. तेव्हा वनस्पतीचं औषधही वैद्यांच्या देखरेखीखाली, अधूनमधून रक्त तपासूनच घ्यावं.

कंबरदुखीत असंच आळं कंबरेवर बसवून कटिबस्ती करतात. पण पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.